शब्दाची पत आणि मौनाची उपासना
जॉर्डन्स येथील क्वेकर सभागृह

लंडनच्या वायव्येस सुमारे चाळीस किलोमीटर अंतरावर, बकिंगहॅमशायर परगण्यात, जॉर्डन्स नावाचे लहानसे खेडे आहे. तेथे रस्त्याच्या कडेला, झाडांच्या सावलीत, तांबड्या विटांची आणि कौलारू छपराची एक जुनी इमारत उभी आहे. प्रथमदर्शनी ती एखाद्या सुखवस्तू शेतकऱ्याचे घर वाटावी. तिला मनोरा नाही, घंटा नाही, दर्शनी भागावर क्रूस नाही. समोरच्या हिरवळीवर गुडघ्याएवढ्याही उंचीचे नसलेले काही पांढरे दगड दिसतात, एवढेच काय ते वेगळेपण. ही वास्तू म्हणजे १६८८ साली बांधलेले क्वेकर पंथीयांचे सभागृह होय. आणि त्या हिरवळीखाली अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया प्रांताचा संस्थापक विल्यम पेन विसावला आहे.

इंग्लंडमध्ये क्वेकर समाज संख्येने नेहमीच अल्प राहिला. तरीही त्या देशातील बँका, चॉकलेटचे कारखाने, लोखंडाचा व्यापार, पादत्राणांचे उद्योग यांपैकी कशाचाही इतिहास उघडला, तरी या पंथाचे नाव वारंवार भेटते. एवढ्या लहान समाजाला बाजारपेठेत एवढी मोठी पत कशी लाभली, हा प्रश्न व्यापारी घराण्यांना जवळचा वाटावा असाच आहे. त्याचे उत्तर शोधायचे, तर प्रथम या सभागृहात रविवारच्या सकाळी काय घडते ते पाहिले पाहिजे.

एका तासाची उपासना

आत विटांची जमीन आहे, भिंतींना खालच्या भागात लाकडी फळ्यांचे आवरण आहे आणि बसण्यास साधी बाके आहेत. वेदी नाही, मूर्ती नाही, रंगीत काचांवरील चित्रे नाहीत, वाद्य नाही. पुरोहिताचे आसन नाही, कारण पुरोहितच नाही. माणसे एकेक करून येतात आणि बाकांवर शांतपणे बसतात. सभा सुरू झाल्याची घोषणा कोणी करीत नाही; पहिला माणूस येऊन स्थिर बसला की सभा सुरू झाली, असे हे लोक मानतात.

त्यानंतर साधारण एक तास मौन असते. प्रत्येकाने आपापल्या मनात ध्यान करावे, एवढाच त्याचा अर्थ नाही. सर्वांनी मिळून वाट पाहावी, अशी या उपासनेमागील धारणा आहे. प्रत्येक मनुष्याच्या अंतरंगात ईश्वराचा प्रकाश असतो आणि मन निवले म्हणजे तो मार्ग दाखवितो, हा पंथाचा मूळ विश्वास. तासाभरात एखाद्याला काही सांगण्याची अनिवार प्रेरणा झाली, तर तो उभा राहतो, थोडक्या शब्दांत बोलतो आणि खाली बसतो. बोलणारा वृद्ध असेल वा तरुण, पुरुष असेल वा स्त्री. स्त्रियांचा हा अधिकार पंथाने आरंभापासून मान्य केला होता; मार्गारेट फेल या विदुषीने १६६६ साली त्याच्या समर्थनार्थ पुस्तिकाही लिहिली. कोणी बोलल्यावर त्यास उत्तर देण्याची, वाद घालण्याची वा वाहवा करण्याची रीत नाही. ते शब्द मनात मुरण्यासाठी पुन्हा शांतता पाळली जाते. कित्येकदा संपूर्ण तास एकही शब्द न उच्चारता सरतो, आणि ती सभा निष्फळ झाली असे कोणी समजत नाही. अखेरीस दोन ज्येष्ठ सभासद परस्परांशी हस्तांदोलन करतात, मग सर्वजण शेजाऱ्याचा हात हाती घेतात. उपासना संपली.

टोपी, शपथ आणि तुरुंग

या पंथाचा प्रवर्तक जॉर्ज फॉक्स हा १६२४ साली लीस्टरशायरमधील एका विणकराच्या घरी जन्मला. तारुण्यात तो एका चर्मकाराकडे उमेदवारी करीत होता. धर्मगुरूंकडून समाधान न मिळाल्याने तो गावोगाव भटकला, आणि ईश्वर व मनुष्य यांच्यामध्ये मध्यस्थाची गरज नाही, या निष्कर्षाला पोहोचला. अनुयायी स्वतःस ‘मित्र’ म्हणवीत. समाजाचे अधिकृत नाव आजही ‘मित्रांचा धार्मिक समाज’ असेच आहे. ‘क्वेकर’, म्हणजे थरथरणारे, हे लोकांनी ठेवलेले कुचेष्टेचे नाव. तेच पुढे रूढ झाले आणि या लोकांनीही ते आनंदाने स्वीकारले.

त्यांच्या दोन गोष्टी सत्ताधाऱ्यांना विशेष खुपत. पहिली, ते सरदार किंवा न्यायाधीश यांच्यापुढे डोक्यावरील टोपी काढीत नसत. सर्व माणसे समान असतील, तर एकाने दुसऱ्यापुढे मस्तक उघडे का करावे, असा त्यांचा सवाल असे. दुसरी, ते शपथ घेत नसत. शपथेवर खरे बोलायचे म्हणजे एरवी खोटे बोलण्यास मोकळीक आहे असा अर्थ होतो, आणि सत्य तर सर्वकाळ एकच असले पाहिजे, ही त्यांची भूमिका. राजनिष्ठेची शपथ नाकारणे हा त्या काळी गंभीर गुन्हा होता. १६६२ साली त्यांच्याविरुद्ध स्वतंत्र कायदा झाला. १६६४ च्या कायद्यान्वये घरच्या माणसांखेरीज पाचांहून अधिक जणांनी राजमान्य पद्धतीवाचून उपासनेसाठी एकत्र जमणे दंडनीय ठरले. हजारो क्वेकर तुरुंगात गेले आणि शेकडो तेथेच मृत्यू पावले.

जॉर्डन्सच्या परिसरातील एक प्रसंग त्या काळाची कल्पना देतो. १६६५ च्या जुलै महिन्यात जवळच्या ॲमरशॅम गावी एका क्वेकर गृहस्थाची अंत्ययात्रा निघाली होती. एका न्यायाधिकाऱ्याने ती रस्त्यात अडविली, तलवार उपसून खांदेकऱ्यांवर प्रहार केले आणि शवपेटी रस्त्यावर पाडविली. यात्रेतील काही जणांना तुरुंगात धाडण्यात आले. त्यांत आयझॅक पेनिंग्टन हा विद्वान आणि टॉमस एलवुड हा तरुण लेखक होता. हाच एलवुड अंध महाकवी मिल्टन यांना ग्रंथ वाचून दाखवीत असे, आणि त्याच वर्षी लंडनमध्ये प्लेग पसरला असता त्याने मिल्टन यांच्यासाठी चाल्फंट सेंट जाइल्स या नजीकच्या गावी घर मिळवून दिले होते. ते घर आजही जतन केलेले आहे. पेनिंग्टन व एलवुड हे दोघेही आज जॉर्डन्सच्या हिरवळीखाली आहेत.

मृतालाही सुखाने भूमी मिळू नये, अशा दिवसांत १६७१ साली या लोकांनी जॉर्डन्स येथे दफनासाठी जागा विकत घेतली. उपासना मात्र शेजारच्या शेतघरात, दारे लोटून, होत असे. राजा दुसरा जेम्स याने १६८७ मध्ये धार्मिक सवलतींचा जाहीरनामा काढला आणि पुढच्याच वर्षी हे सभागृह उभे राहिले.

न वाचता केलेली सही

विल्यम पेन हा नौदलातील एका बड्या सेनानीचा मुलगा. तरुणपणी क्वेकर झाल्याने वडिलांचा रोष त्याने ओढवून घेतला. १६७० साली लंडनच्या ग्रेसचर्च स्ट्रीटवरील सभागृहास सैनिकांनी कुलूप लावले, तेव्हा त्याने रस्त्यावरच प्रवचन केले. त्याच्यावर आणि विल्यम मीड यांच्यावर खटला भरला गेला. न्यायालयात त्यांच्या डोक्यावरील टोप्या आधी शिपायांनी काढल्या होत्या. न्यायासनाच्या हुकमावरून त्या पुन्हा घालण्यात आल्या आणि मग टोपी घातल्याबद्दल दोघांना दंड ठोठावण्यात आला! पंचांनी आरोपींना दोषी ठरविण्यास नकार दिला, तेव्हा त्यांना अन्नपाण्यावाचून कोंडण्यात आले. तरी ते बधले नाहीत. शेवटी पंचांनाच दंड झाला. एडवर्ड बुशेल या पंचाने दंड न भरता तुरुंग पत्करला आणि वरिष्ठ न्यायालयात दाद मागितली. पंचांना त्यांच्या निर्णयाबद्दल शिक्षा करता येत नाही, हा इंग्रजी न्यायव्यवस्थेतील महत्त्वाचा निवाडा या प्रकरणातून झाला.

पेनसिल्व्हेनियाची कथा तर एका थकलेल्या कर्जाची कथा आहे. पेनच्या वडिलांचे राजाकडे सुमारे सोळा हजार पौंड येणे होते. राजाची तिजोरी रिकामी. तेव्हा १६८१ साली दुसऱ्या चार्ल्सने त्या येण्यापोटी अमेरिकेतील विस्तीर्ण भूमी पेनला दिली. तेथे पेनने धर्मस्वातंत्र्याचे राज्य वसविले आणि मूळ रहिवाशांशी मैत्रीचे करार केले.

परंतु एवढा बुद्धिमान गृहस्थ व्यवहारात मात्र फसला. फिलिप फोर्ड हा त्याचा कारभारी, तोही क्वेकरच. पंथबंधूवर अविश्वास कसा दाखवावा, म्हणून की काय, पेन त्याने पुढे केलेल्या कागदांवर न वाचता सह्या करीत गेला. अशाच कागदांतून पेनसिल्व्हेनियाची मालकी फोर्डकडे गहाण पडत गेली. फोर्डच्या मृत्यूनंतर त्याच्या वारसांनी दावा लावला आणि १६०० च्या शतकातील तो धैर्यवान बंदी १७०८ साली वयाच्या चौसष्टाव्या वर्षी कर्जदारांच्या तुरुंगात गेला. लंडनच्या क्वेकर मंडळींनी रक्कम उभी करून त्याला सोडविले. १७१८ मध्ये तो वारला. पहिली पत्नी गुलिएल्मा हिच्या शेजारी, जॉर्डन्स येथे, त्याला मूठमाती देण्यात आली. सचोटी आणि सावधगिरी या दोन वेगळ्या वस्तू आहेत, आणि समान धर्म हा हिशेब तपासण्याला पर्याय होऊ शकत नाही, हे त्या लहानशा दगडाजवळ उभे राहिले असता आठवावे.

एक भाव, एक शब्द

शपथेच्या अटीमुळे क्वेकरांना विद्यापीठे आणि सरकारी हुद्दे बंद होते. सैन्यात ते जाणार नव्हते, कारण शस्त्र न धरण्याचा त्यांचा नेम होता. मग उरला तो व्यापार. त्या काळी दुकानात घासाघीस चाले. विक्रेत्याने चढा भाव सांगायचा, गिऱ्हाइकाने तो पाडायचा. जो भाव घ्यायचा नाही तो सांगणे म्हणजे असत्य बोलणे, असे क्वेकर मानीत. म्हणून ते एकच भाव सांगत. प्रारंभी गिऱ्हाइके फिरकली नाहीत. पुढे, लहान मुलाला पाठविले तरी या दुकानात फसवणूक होत नाही, असा लौकिक झाला आणि दुकाने भरू लागली, अशी नोंद फॉक्सने करून ठेवली आहे.

व्यक्तीच्या व्यवहारामागे समाजाची देखरेखही असे. प्रत्येकाने वर्षातून निदान एकदा आपले जमाखर्च तपासून स्थिती पाहावी, ऐपतीबाहेर व्यापार वाढवू नये, प्रकृती ठणठणीत असतानाच मृत्युपत्र करून ठेवावे, असे उपदेश सभांतून नियमाने वाचले जात. कोणी अडचणीत आला, तर जाणत्या सभासदांना त्याच्या वह्या पाहण्यास पाठवीत. दिवाळे बेपर्वाईने निघाले असे आढळल्यास त्याला पंथाबाहेर काढण्यात येई. धनकोंनी तडजोड करून रुपयास आठ आणे घेतले असले, तरी हाती पैसा येताच उरलेले आठ आणे फेडावेत, अशी अपेक्षा असे. कायद्याने देणे सुटले म्हणून ते मनाने सुटत नाही, हा त्यामागील विचार.

अशा माणसांकडे लोक आपला पैसा विश्वासाने ठेवू लागले. जॉन फ्रीम आणि टॉमस गूल्ड या क्वेकर सराफांनी लंडनच्या लोम्बार्ड स्ट्रीटवर १६९० मध्ये चालविलेल्या पेढीतून आजची बार्कलेज बँक उगम पावली. १७३६ साली फ्रीमचा जावई जेम्स बार्कले त्या पेढीत भागीदार झाला. बर्मिंगहॅम येथे १७६५ मध्ये सॅम्प्सन लॉइड या लोखंडाच्या क्वेकर व्यापाऱ्याने जॉन टेलर यांच्या भागीदारीत लॉइड्स बँकेचा पाया घातला. जॉन कॅडबरी याने १८२४ साली त्याच शहरात चहा, कॉफी आणि पेय चॉकलेटचे दुकान काढले. यॉर्कचे राउंट्री, ब्रिस्टलचे फ्राय, सॉमरसेटमधील पादत्राणांचे क्लार्क हीदेखील क्वेकर घराणीच. इकडे १६९६ च्या कायद्याने शपथेऐवजी क्वेकरांचे साधे प्रतिज्ञापूर्वक सांगणे अनेक बाबतींत ग्राह्य मानले. ज्या गोष्टीसाठी तुरुंग भोगला, तीच समाजाची पत ठरली.

मतदानावाचून निर्णय

संस्थेचा कारभारही हे लोक उपासनेच्याच रीतीने चालवितात. सभेचा आरंभ मौनाने होतो. विषय मांडला जातो; बोलू इच्छिणारा उभा राहतो; दोन वक्त्यांच्या मध्ये थोडी शांतता राखली जाते. मतदान नाही, म्हणून बहुमत नाही आणि पराभूत पक्षही नाही. सभेचा कल कोणीकडे आहे हे चिटणीस ओळखतो, सभा चालू असतानाच ठराव लिहितो आणि वाचून दाखवितो. सर्वांना मान्य झाला तरच तो नोंदविला जातो. नाही तर विषय पुढील सभेवर जातो. भाऊबंदांच्या भागीदारीत वा विश्वस्त मंडळात ज्यांनी हात वर करून झालेल्या निर्णयांचे पुढील कटू परिणाम पाहिले असतील, त्यांना या पद्धतीचे मोल सहज कळेल.

मात्र या पद्धतीचा दोषही इतिहासाने नोंदविला आहे. जॉर्डन्सचे सभागृह ज्या १६८८ साली बांधले गेले, त्याच वर्षी पेनसिल्व्हेनियातील जर्मनटाउन येथे चार जणांनी गुलामगिरीविरुद्ध लेखी निषेध नोंदविला. माणसांची खरेदी-विक्री ही आपल्या धर्मात कशी बसते, असा त्यांचा रोखठोक प्रश्न होता. तो कागद एका सभेकडून वरच्या सभेकडे गेला आणि बाजूला ठेवला गेला. अनेक प्रतिष्ठित क्वेकरांच्या घरी गुलाम होते. खुद्द पेनही त्यास अपवाद नव्हता. सर्वांचे एकमत होईपर्यंत थांबायचे, तर ज्याच्या पायात बेडी आहे त्यालाही थांबावे लागते. फिलाडेल्फियाच्या वार्षिक सभेने सभासदांना गुलाम बाळगण्यास पूर्ण मनाई केली ती १७७६ साली, म्हणजे अठ्ठ्याऐंशी वर्षांनी. एकदा मन ठरल्यावर मात्र हे लोक मागे राहिले नाहीत. लंडनमध्ये १७८७ साली गुलामांच्या व्यापाराविरुद्ध स्थापन झालेल्या समितीच्या बारा सदस्यांपैकी नऊ क्वेकर होते.

दुसरी उणी बाजू पतपेढीच्या वहीतली आहे. ओव्हरएंड, गर्नी आणि कंपनी ही गर्नी या क्वेकर घराण्याच्या नावावर उभी असलेली लंडनची बलाढ्य हुंडी-पेढी. जुन्या पिढीचे सावध हात गेल्यावर नव्या कारभाऱ्यांनी जहाजे, रेल्वे अशा दीर्घ मुदतीच्या धाडसांत पैसा गुंतविला. १८६५ मध्ये समभाग विकून ती मर्यादित कंपनी झाली, आणि १० मे १८६६ रोजी सुमारे एक कोटी दहा लाख पौंडांचे देणे डोक्यावर घेऊन बंद पडली. आजोबांच्या सचोटीवर मिळालेली पत नातवंडांनी वापरली, परंतु सचोटीची ती शिस्त सोबत घेतली नाही. नावावर येणारा विश्वास वारशाने मिळतो. तो टिकविणे दर पिढीला नव्याने करावे लागते.

दगड, आग आणि उरलेले घर

आरंभीचे क्वेकर कबरींवर दगड ठेवीत नसत. मरणानंतर तरी उच्चनीच कशाला, अशी त्यांची समजूत. जॉर्डन्सचे लहान दगड एकोणिसाव्या शतकात बसविले गेले, त्यामुळे कोणती कबर नेमकी कोणाची हे खात्रीने सांगणे कठीण. १८८१ साली पेनसिल्व्हेनियातून प्रतिनिधी आले. पेनचे अवशेष फिलाडेल्फियाला नेऊन भव्य समारंभाने पुन्हा पुरावेत, अशी त्यांची विनंती होती. जॉर्डन्सच्या विश्वस्तांनी नम्रपणे नकार दिला. जो साधेपणाने जगला त्याच्या अस्थींची मिरवणूक त्यांना उचित वाटली नाही.

मार्च २००५ मध्ये सभागृहास आग लागली. मागील नवी जोडइमारत नष्ट झाली, जुन्या वास्तूचे छप्पर जळाले. भिंती आणि आतील जुने लाकूडकाम मात्र बऱ्याच अंशी वाचले. काळजीपूर्वक दुरुस्ती होऊन २००८ साली दारे पुन्हा उघडली, आणि तेथे पुन्हा मौन सुरू झाले.

या पंथाचा भारताशीही जुना ऋणानुबंध आहे. होरेस अलेक्झांडर हे क्वेकर गृहस्थ ऑगस्ट १९४७ मध्ये कलकत्त्याच्या दंगलग्रस्त वस्तीत गांधीजींसोबत राहिले होते. मार्जरी साइक्स या क्वेकर शिक्षिकेने वर्ध्याजवळील सेवाग्राम येथे नई तालीमच्या कार्यात अनेक वर्षे वेचली. त्याच १९४७ साली शांततेचे नोबेल पारितोषिक क्वेकरांच्या ब्रिटिश आणि अमेरिकन सेवासंस्थांना मिळाले.

आज बार्कलेज किंवा कॅडबरी या नावांमागे क्वेकर समाज उरलेला नाही; त्या इतर कंपन्यांसारख्याच कंपन्या आहेत. कारखाने विकले गेले, पेढ्या विलीन झाल्या. जॉर्डन्सचे विटांचे घर मात्र आहे तेथेच आहे. रविवारी सकाळी काही माणसे येतात, बाकांवर बसतात आणि तासभर आपल्या आत पाहतात. आठवडाभर दुकानात, कचेरीत, घरात जो शब्द दिला, तो पाळला गेला की नाही, याचा हिशेब मांडण्यास एवढा वेळ पुरतो. तास संपला की ती शेजाऱ्याचा हात हाती घेतात आणि पुन्हा आपल्या व्यवहाराला लागतात.